वकिलाशिवाय ग्राहक तक्रार ऑनलाइन दाखल करताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ग्राहक पंचायतीची चळवळ 1974 मध्ये पुण्यातच सुरू झाली; तरीही वकिलाची फी परवडणार नाही एवढ्याच कारणाने न्याय्य तक्रार सोडून देणारी माणसे याच शहरात आम्हाला वारंवार भेटतात, आणि त्याचे मनापासून वाईट वाटते. ग्राहक आयोगासमोर तक्रारदाराला स्वतः तक्रार मांडता येते, ती मराठीतही लिहिता येते, आणि आता ‘ई-जागृती’ या शासकीय पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. ती नीट कशी तयार करावी आणि त्यात आमचे काम कोठे संपते, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे.

आमच्या कार्यालयात आपला मजकूर टंकलिखित करणे, कागद क्रमाने लावून स्कॅन करणे आणि ते पोर्टलवर चढवणे एवढी कामे होतात. आम्ही वकील नाही. कोणाविरुद्ध तक्रार करावी, काय मागावे, तडजोड स्वीकारावी की नाही, हे निर्णय आपले असतात आणि त्याबाबत आम्ही सल्ला देत नाही.

तक्रार कोणत्या आयोगाकडे जाते, हे आपण प्रत्यक्ष मोजलेल्या किमतीवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. ही किंमत 50 लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे 2 कोटींपर्यंत राज्य आयोग. जिल्हा आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्कच नाही. 10 लाखांपर्यंत 200, 20 लाखांपर्यंत 400 आणि 50 लाखांपर्यंत 1000 रुपये भरावे लागतात. कंपनीचे कार्यालय बंगळुरूला असले तरी आपण पुणे जिल्ह्यात राहत किंवा नोकरी करत असाल, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार येथेच करता येते. वस्तू व्यापारासाठी घेतली असेल तर मात्र आपण कायद्याच्या दृष्टीने ग्राहक ठरत नाही. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली रिक्षा याला अपवाद आहे.

मुदतीकडे विशेष लक्ष द्यावे. वादाचे कारण घडल्यापासून 2 वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणे उपयोगी असते आणि काही प्रकरणे तेथेच मिटतात. परंतु ती नोंद म्हणजे आयोगापुढील तक्रार नव्हे, आणि तिच्या उत्तराची वाट पाहताना मुदत थांबत नाही. समोरच्या पक्षाला पाठवलेल्या नोटिशीनेही मुदत वाढत नाही. उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज, प्रत्येक टप्प्याच्या कारणासह, जोडावा लागतो.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो दिनांकवार घटनाक्रमाला. बहुतेकांच्या पहिल्या मसुद्यात संताप पुरेपूर असतो, तारखा मात्र तुटपुंज्या असतात. ‘ठेकेदाराने फसवले व मानसिक त्रास दिला’ या वाक्यावरून आयोगाला काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी धायरीतील सदनिकेच्या स्वयंपाकघराचे काम 3 लाखांना ठरले, त्यापैकी 2 लाख 40 हजार रुपये अमुक तारखांना बँकेतून दिले, कोटेशनवर 45 दिवसांची मुदत लिहिलेली होती, कपाटांचे सांगाडे बसवून अमुक दिवशी काम थांबले आणि त्यानंतर पाठवलेल्या मेसेजना उत्तर आले नाही, असे लिहिले आणि प्रत्येक विधानापुढे संबंधित कागदाचा क्रमांक दिला, तर वाचणाऱ्याला वाद लगेच समजतो. आयोग मुख्यतः प्रतिज्ञापत्रे आणि कागदोपत्री पुरावा यांवरच निर्णय देतो. त्यामुळे जे तक्रारीत लिहिले नाही ते पुढे तोंडी सांगून भरून काढणे अवघड जाते. मागणीही तितकीच स्पष्ट हवी : किती रक्कम परत, कोणत्या तारखेपासून व्याज, नुकसानभरपाई किती आणि तक्रारीचा खर्च किती.

तक्रारीसोबत अनुक्रमणिका, घटनाक्रम, तक्रारदार व जाबदेणार (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो) यांची नावे आणि पूर्ण पत्ते, नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र आणि पुराव्याचे कागद असावेत. व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषणाच्या चित्रांत मोबाइल क्रमांक आणि तारीख दिसली पाहिजे, आणि मूळ संभाषण फोनमधून पुसू नये. अशा नोंदींसाठी भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र जोडलेले बरे.

पोर्टलवरील खाते आपल्याच मोबाइल क्रमांकावर आणि ई-मेलवर उघडले जाईल, असा आमचा नियम आहे. त्रुटींची सूचना आणि सुनावणीची तारीख त्या खात्यावर कळते. ते दुसऱ्याच्या हाती असेल तर तारीख चुकू शकते आणि तक्रार गैरहजेरीत निकाली निघू शकते. ओटीपी आपण स्वतः टाकावा, पासवर्ड आम्हालाही सांगू नये.

दाखल केल्यावर छाननी होते. त्रुटी निघाली म्हणजे तक्रार फेटाळली असे नव्हे. ती दुरुस्त करून पुन्हा सादर करता येते. तक्रार दाखल करून घेतल्यावर जाबदेणाराला उत्तरासाठी 30 दिवस आणि आयोगाने वाढवून दिल्यास आणखी 15 दिवस मिळतात. त्याहून अधिक मुदत देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. प्रत्यक्ष जाणे कठीण असेल तर दूरदृश्य सुनावणीसाठी अर्ज करता येतो.

काही प्रकरणांत मात्र वकिलाशिवाय पुढे जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वैद्यकीय हलगर्जीपणाच्या तक्रारीला सहसा तज्ज्ञाचे मत लागते. विमा कंपनीने माहिती लपवल्याचा ठपका ठेवून दावा नाकारला असेल किंवा बांधकाम व्यावसायिकाशी एकापेक्षा अधिक करारनामे झाले असतील, तर कायद्याचे मुद्दे गुंतागुंतीचे होतात. अशा वेळी आम्ही काम हाती घेत नाही. खर्च पेलणार नसेल तर शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा 15100 या हेल्पलाइनवर चौकशी करावी. तेथे महिलांना, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना आणि दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते.