फॅन ट्रान्सलेशनच्या जुन्या गेम कॅसेटी आणि त्यांची विक्री

कंपनीने जो जुना गेम कधी दुसऱ्या भाषेत आणलाच नाही तो चाहत्यांनी स्वतः बसून भाषांतरित करायचा, याला फॅन ट्रान्सलेशन म्हणतात. बहुतेक वेळा मूळ गेम जपानी असतो आणि भाषांतर इंग्रजीत होतं, पण मराठीतही करता येईल. असं भाषांतर जवळपास नेहमीच फुकट वाटलं जातं. कोणी ते कॅसेटमध्ये भरून विकायला काढलं की खरी भानगड सुरू होते, आणि ही नोंद त्याबद्दलच आहे.

नाशिकमध्ये नव्वदच्या दशकात ज्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत टीव्ही गेम खेळला त्यांना कॅसेट म्हणजे काय ते सांगायला नको. तेव्हा घराघरात जे कन्सोल होते त्यातले बरेचसे निन्टेन्डोच्या जपानमधल्या फॅमिकॉम कन्सोलची (१९८३) नक्कल होते, म्हणून त्यांना ६० पिनांची कॅसेट लागायची, तर त्याच्याच अमेरिकेतल्या आवृत्तीची, एनईएसची, कॅसेट ७२ पिनांची. आज ती कॅसेट उघडून आत नवीन फ्लॅश चिप सोल्डर करणं एम. जी. रोडवरच्या मोबाईल रिपेअरिंगवाल्या पोराला अजिबात अवघड नाही, आणि म्हणूनच "आपण बनवून विकू ना" हा विचार पटकन डोक्यात येतो.

भाषांतर करणारे फक्त पॅच देतात. पॅच म्हणजे मूळ फाईलमधले कुठले बाइट बदलायचे त्याची यादी, आयपीएस किंवा बीपीएस नावाच्या फाईल फॉरमॅटमध्ये, त्यात मूळ गेम नसतो. तरी पॅचसुद्धा कायद्याने पूर्ण स्वच्छ नाही, कारण भाषांतराचा हक्कही मूळ मालकाचाच असतो, फक्त पैसे मागितले नाहीत तर सहसा कोणी मागे लागत नाही. कॅसेट विकली की मात्र मूळ प्रोग्रॅम, चित्रं, संगीत सगळंच विकलं जातं.

भारताच्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. लोक म्हणतात की घरगुती वापराला सूट असते, पण कलम ५२ मधली खासगी वापराची सूट कॉम्प्युटर प्रोग्रॅमला लागू नाही असं कायद्यातच लिहिलंय, स्वतःच्या कायदेशीर कॉपीचा बॅकअप घ्यायची वेगळी मुभा आहे तेवढीच, आणि बॅकअप विकता येत नाही. विक्रीला कलम ६३ लागतं, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं. लेबलवर कंपनीचा लोगो छापला तर ट्रेडमार्क कायदा (१९९९) वेगळा.

"कंपनी बंद पडली, आता मालक कोण?" हा युक्तिवाद सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. जपानी गेम कंपन्यांचीच उदाहरणं बघा: डेटा ईस्ट २००३ मध्ये दिवाळखोर झाली, तिच्या बऱ्याच गेमचे हक्क जी-मोड या कंपनीने घेतले. टेक्नोस १९९६ मध्येच संपली होती, तिचे हक्क २०१५ मध्ये आर्क सिस्टम वर्क्सकडे गेले. हडसन २०१२ मध्ये कोनामीत विलीन झाली. दुकान बंद झालं तरी सातबारा कोणाच्या तरी नावावर असतोच. कॉपीराइटची मुदत संपायची वाट बघायची म्हटलं तर आपले कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, लेखकानंतर ६० वर्षं या हिशोबाने त्यांचं लेखन २०५९ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे, आणि जपानमध्ये कंपनीच्या नावावरच्या कृतीला प्रसिद्धीनंतर ७० वर्षं मिळतात, म्हणजे १९८३ चा गेम तिथे २०५३ पर्यंत.

आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३२ खाली प्रसिद्धीनंतर सात वर्षांनी भाषांतराचं लायसन्स मागता येतं, पण ती सोय पुस्तकांसाठी विचार करून केलेली आहे, मिळालं तरी भाषांतराच्या मजकुराचंच मिळेल, गेम विकायचं नाही.

आता रीतसर लायसन्स घेऊन विकायचं ठरवलं तर पैशाचं गणित बसत नाही. कंपन्या बहुधा आधी किमान हमी रक्कम मागतात, संगीताचे हक्क कधीकधी वेगळ्याकडे असतात, वकील लागतो, आणि मराठी गेमचा ग्राहक हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही हे खरं, पण नाशिकहून एक कॅसेट सुरतला पाठवली की ती आंतरराज्य विक्री, मग नोंदणी लागते. विनापरवाना ऑनलाइन विकलं आणि तक्रार आली तर लिस्टिंग उडतं, पेमेंट अडकतं, माल पडून राहतो.

मराठीत काम करायचं तर आधी अक्षरं बसवावी लागतात. फॅमिकॉमवर एक टाइल ८ बाय ८ पिक्सेलची, त्यात "श्री" किंवा "ष्ट्र" वाचता येईल असं काढून बघा. पण बऱ्याच जपानी गेममध्ये 'काना' या जपानी लिपीतल्या अक्षरावरच्या दोन छोट्या रेघा वरच्या ओळीतल्या वेगळ्या टाइलमध्ये असतात, म्हणजे ती ओळ आधीच रिकामी ठेवलेली असते, आणि आपली मात्रा, अनुस्वार, वेलांटीचं डोकं तिथे मस्त बसतं. एका गेममागे महिनोन्महिने असं काम चालतं, म्हणून फुकट दिलेला पॅच उचलून त्यावर कॅसेटी विकणाऱ्यांचा चाहत्यांना इतका राग येतो, आणि तो राग अगदी बरोबर आहे.

सरळ मार्ग निघालाय, पण क्वचित. निन्टेन्डोच्या मदर ३ (२००६) या जपानी गेमचं इंग्रजी भाषांतर चाहत्यांनी २००८ मध्ये पूर्ण केलं, मुख्य भाषांतरकार क्लाइड मँडेलिनने ते निन्टेन्डोला फुकट वापरायला देऊ केलं, तरी अधिकृत इंग्रजी गेम आलाच नाही. उलट जिओफ्रंट या चाहत्यांच्या गटाचं ट्रेल्स फ्रॉम झीरो या जपानी गेमचं भाषांतर एनआयएस अमेरिका या प्रकाशक कंपनीने रीतसर घेतलं आणि २०२२ मध्ये तो गेम अधिकृतपणे विक्रीला आला.