सगळी मांजरं भुंकतात. मग रेक्स?

‘सगळी मांजरं भुंकतात. रेक्स हे मांजर आहे. रेक्स भुंकतो का?’

शाळकरी मुलांना तत्त्वज्ञान शिकवता येईल का, हे बघायला हा प्रश्न बरा आहे. चार ते सहा वर्षांच्या मुलांना तो साध्या, रोजच्या आवाजात विचारला, तर बरीच मुलं ‘नाही’ म्हणतात. का, तर मांजर म्याऊ करतं. मांजराविषयी त्यांना जे ठाऊक आहे ते अगदी बरोबर आहे. पण विचारायचं होतं ते वेगळंच: पहिली दोन वाक्यं खरी धरली, तर तिसरं काय निघतं? १९८८ साली मारिया डायस आणि पॉल हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी विचारण्याची तऱ्हा थोडी बदलून पाहिली. गोष्ट सांगताना लावतात तसा आवाज लावला. पुढच्या प्रयोगांत ‘आपण दुसऱ्याच ग्रहावर आहोत बरं का’ अशी सुरुवात केली. आता त्याच वयाची मुलं म्हणू लागली, हो, रेक्स भुंकतो, कारण तिथली सगळीच मांजरं भुंकतात.

मोठ्यांनी हसू नये. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अलेक्झांडर लुरिया हे रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानातल्या शाळा न पाहिलेल्या शेतकऱ्यांना विचारत होते: उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशात सगळी अस्वलं पांढरी असतात, अमुक ठिकाण त्या प्रदेशात आहे, तर तिथलं अस्वल कोणत्या रंगाचं? अनेकांचं उत्तर असं, की मी तिथे गेलेलो नाही, जे पाहिलं नाही त्याबद्दल कसं बोलू? ही माणसं रोजच्या व्यवहारात चोख होती. फक्त ‘समजा’ म्हणून दिलेल्या वाक्यावर उभं राहून पुढे जायची त्यांना सवय नव्हती. चार वर्षांच्या मुलाला मात्र ‘समजा’ फार जवळचं असतं. भातुकलीत तो दिवसभर तेच करत असतो.

हे सांगायचं कारण असं, की शाळकरी मुलांना तत्त्वज्ञान शिकवावं म्हटलं की पहिला आक्षेप वयाचा येतो. त्यामागे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचं वजनदार नाव आहे. अमूर्त विचार करण्याची क्षमता साधारण अकरा-बाराव्या वर्षापासून येऊ लागते, असं त्यांनी मांडलं. त्यांच्या एका प्रसिद्ध प्रयोगात मण्यांच्या दोन सारख्या रांगा मुलासमोर ठेवतात, मग एक रांग पसरवून लांब करतात आणि विचारतात, आता कुठे जास्त? लहान मूल लांब रांगेकडे बोट दाखवतं. १९७०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी हाच प्रयोग केला, पण रांग मोठ्या माणसाने विस्कटली नाही. एक खोडकर टेडी अस्वल मध्येच आलं आणि त्याने मणी हलवले. आता ‘दोन्हीकडे सारखेच’ म्हणणारी मुलं कितीतरी जास्त निघाली. कारण उघड आहे. बाईंनी मुद्दाम काहीतरी हलवलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर त्यांना वेगळं उत्तर हवं असणार, असा हिशेब मूल करतं. वर्गात बसलेल्या कुणालाही तो हिशेब ओळखीचा वाटेल. पियाजे यांचं सगळंच चुकलं असं नव्हे. पण मुलांच्या विचाराची म्हणून जी मर्यादा सांगितली जाते, तिच्यातला बराच भाग विचारणाऱ्याच्या पद्धतीचा असतो.

आता अमेरिकेतल्या न्यू जर्सीकडे वळू. मॅथ्यू लिपमन शेजारच्या न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत. कॉलेजात आल्यावर तर्कशास्त्र शिकवणं म्हणजे फार उशीर, असं त्यांना वाटू लागलं. मग त्यांनी मुलांसाठी एक कादंबरिका लिहिली आणि १९७४ साली न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर स्टेट कॉलेजमध्ये मुलांना तत्त्वज्ञान शिकवण्याच्या कामासाठी संस्था काढली. ॲन मार्गारेट शार्प त्यांच्या दीर्घकाळच्या सहकारी. कादंबरिकेचा नायक हॅरी विज्ञानाच्या तासाला तंद्रीत असतो. शिक्षक विचारतात, लांब शेपूट असलेलं आणि ठरावीक वर्षांनी सूर्याभोवती फेरी मारणारं काय? सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात हे त्याने ऐकलेलं असतं, म्हणून तो सांगतो: ग्रह. वर्ग हसतो. उत्तर होतं हॅलेचा धूमकेतू. घरी जाताना हॅरीच्या डोक्यात प्रकाश पडतो, की ‘सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात’ हे वाक्य उलटं केलं की खोटं होतं.

लिपमन तिथेच थांबले असते तर ते एक बरं व्याकरणाचं पुस्तक झालं असतं. पुढे शेजारच्या बाई हॅरीच्या आईला सांगत असतात, की जहाल विचारांचे सगळे लोक गरिबांना मदत करा म्हणतात, आणि अमक्या बाईही तेच म्हणतात, तेव्हा त्याही जहालच असणार. हॅरीला कळतं, की हीच चूक आपण सकाळी वर्गात केली होती. मला हा प्रसंग फार आवडतो. कुणाच्याही कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभरात असे दोन-तीन निष्कर्ष सहज सापडतील.

प्रत्यक्ष तास कसा चालतो? मुलं गोल करून बसतात, एक गोष्ट वाचली जाते, त्यावर मुलंच प्रश्न काढतात आणि हात वर करून त्यातला एक निवडतात. ‘चंद्र किती लांब आहे’ हा प्रश्न इथे चालत नाही, ते पुस्तकात सापडतं. ‘तुला कोणता रंग आवडतो’ हाही नाही, त्याला कारण लागत नाही. ‘सायकलचे सगळे भाग एकेक करून बदलले तर ती तीच सायकल का’ हा चालतो. शिक्षकाने उत्तर द्यायचं नाही. असं का वाटतं, एखादं उदाहरण सांग, हिचं म्हणणं तुझ्यासारखंच आहे की वेगळं, एवढंच विचारत राहायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण उत्तर ओठावर असताना गप्प बसणं हे शिक्षकी पेशातलं महाकठीण काम आहे.

आणि मग येतो तो प्रश्न, जो आपल्याकडे पहिला आला असता: मार्क वाढतात का?

स्कॉटलंडच्या क्लॅकमॅननशर भागात कीथ टॉपिंग आणि स्टीव्ह ट्रिकी यांनी अभ्यास केला. दहा-बारा वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक तास, १६ महिने. बौद्धिक क्षमता चाचणीत या मुलांचे गुण सरासरी सहाच्या आसपास वाढले आणि माध्यमिक शाळेत गेल्यावर, दोन वर्षांनंतरही, ती वाढ टिकली. पण मुलं दोनशेहूनही कमी होती. मग इंग्लंडमध्ये ४८ प्राथमिक शाळांतल्या तीन हजारांहून अधिक मुलांवर मोठी चाचणी झाली. कोणत्या शाळेत हे तास व्हायचे ते यदृच्छेने ठरवलं होतं. २०१५ चा अहवाल म्हणाला, वाचन आणि गणितात सुमारे दोन महिन्यांची जादा प्रगती, गरीब घरच्या मुलांची वाचनात चार महिन्यांची. वर्तमानपत्रांनी मथळे दिले.

टीकाकारांनी मात्र आकडे उलगडून पाहिले. तत्त्वज्ञानाचे तास मिळालेला गट सुरुवातीला थोडा मागे होता. योगायोगाने मागे पडलेला गट पुढच्या परीक्षेत, काहीही न करता, सरासरीच्या दिशेने सरकतो. एखाद्याला एका चाचणीत नशिबाने कमी गुण पडले, तर दर वेळी नशीब तेवढंच वाईट नसतं. शिवाय दिसलेला फरक निव्वळ योगायोगाने कितपत येऊ शकेल, हे तपासणारी नेहमीची सांख्यिकी कसोटी अहवालात लावलेलीच नव्हती. पुढे जवळपास २०० शाळांमध्ये पुन्हा चाचणी झाली. २०२१ साली निकाल आला: गरीब घरच्या मुलांच्या वाचनात वाढ शून्य महिने.

मला हा निकाल निराशेचा वाटत नाही. गणिताचे गुण वाढवायचे असतील तर गणित शिकवावं. ॲबॅकसपासून संस्कृत श्लोकांपर्यंत प्रत्येक गोष्ट ‘बुद्धी वाढते’ या पाटीखाली विकायची आपल्याला सवय लागली आहे, आणि तत्त्वज्ञानवाल्यांनीही तीच पाटी लावली. पहिल्या अहवालाने त्यांना खूश केलं, दुसऱ्याने अडचणीत आणलं. दोन्ही वेळा मोजलं गेलं ते शेजारच्या घरातलं धान्य.

मोजायचंच असेल तर वर्गात बघावं लागेल. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. ती वेळ तीन सेकंदांवर नेली, तर उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, मुलं एकमेकांच्या बोलण्याला उत्तर देऊ लागतात आणि एरवी गप्प बसणारीही बोलतात. क्लॅकमॅननशरच्या वर्गांच्या चित्रफितींतही असंच दिसलं: शिक्षकांचे खुले प्रश्न वाढले, मुलं जास्त बोलू लागली आणि मतासोबत कारण देऊ लागली. २०२१ च्या चाचणीतल्या शिक्षकांनाही मुलांमध्ये फरक जाणवला होता. पण शिक्षकाला जाणवणं हा कच्चा पुरावा आहे; ज्याने वर्षभर मेहनत घेतली त्याला फरक दिसणारच.

पन्नास-साठ मुलांच्या वर्गात गोल करून बसायला जागाच नसते, आणि अभ्यासक्रम संपवायची घाई असते ती वेगळीच. तीन सेकंद थांबायला मात्र जागा लागत नाही. मराठीच्या धड्यानंतर ‘या गोष्टीत कोणाचं चुकलं आणि का’ एवढं विचारून थांबलं, पहिल्या उत्तराला ‘शाबास’ न म्हणता ‘कुणाला वेगळं वाटतं?’ असं म्हटलं, तर सुरुवात होते. पहिले काही दिवस मुलं बाईंच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर शोधतील. त्या खोडकर टेडीने मणी हलवण्याआधी स्कॉटलंडमधली मुलंही तेच करत होती.