जलस्रोतांचे जिवाणू दूषण, ग्रामीण (सोलापूर जिल्हा)

विहीर, आड, हातपंप, तलाव किंवा नळयोजना यांच्या पाण्यात माणसाच्या अथवा जनावरांच्या विष्ठेतील जिवाणू मिसळणे, याला पाण्याचे जिवाणू दूषण म्हणतात. पटकी, विषमज्वर, आमांश, अतिसार हे रोग त्यातून पसरतात. जुलाब-उलट्यांच्या साथीला खेड्यात ‘गॅस्ट्रो’ हा एकच शब्द पुरतो. साथीची कावीळही याच वाटेने येते, पण ती विषाणूंमुळे होते. गढूळ पाणी लोक निवळून, फडक्याने गाळून घेतात. नितळ पाण्यावर मात्र कोणी संशय घेत नाही, आणि जिवाणू तर नितळ पाण्यातही असतात.

सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा. वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. पाणी कमी म्हणजे दूषणही कमी, असे वाटू शकते, घडते उलटे. जिल्ह्याची जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाची आहे. वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली फुटका खडक. वाळूच्या जाड थरातून पाणी झिरपताना बरेच जिवाणू अडतात. खडकाच्या भेगांतून धावणाऱ्या पाण्याला ती चाळणी मिळत नाही. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला मोठा पाऊस उकिरडा, गोठा आणि उघड्यावरची घाण धुऊन त्या भेगांतून खाली नेतो. जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस बहुधा सप्टेंबरात पडतो, म्हणून धोक्याचा हंगाम जूनपुरता संपत नाही.

पायऱ्यांच्या विहिरीत माणूस पाण्यापर्यंत उतरतो, पाय बुडवतो. नारू याच सवयीवर जगत होता. तो जिवाणू नसून कृमी. पायविहिरी बंद करणे, पाणी गाळून पिणे आणि हातपंप बसवणे या साध्या उपायांनी तो हटला, आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. जिवाणूंची गोष्ट इतकी सोपी नाही, कारण ते फडक्याने गाळले जात नाहीत.

टंचाईच्या गावात टँकर येतो आणि बहुतेकदा कोरड्या विहिरीतच रिता होतो. भोवती दोर-बादल्यांची गर्दी होते. बादली वर येते, कठड्याजवळच्या चिखलात टेकते आणि तीच पुन्हा पाण्यात जाते. भरताना शुद्ध असलेले पाणी इथे शेवटच्या वीस फुटांत नासते.

नळाचेही तसेच. काही दिवसांआड तासभर पाणी सुटते, एरवी वाहिनी रिकामी असते. रिकाम्या वाहिनीत दाब उरत नाही आणि गळक्या जोडातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. दाब कमी म्हणून लोक अंगणात खड्डा खणून नळ खाली घेतात. त्या खड्ड्यात सांडपाणी साचते. काही जण थेट नळाला मोटर लावतात, मग शेजारच्या गटारातून गेलेली जोडणीही घाण आत ओढू लागते. दूषण शोधायचे तर उद्भवाइतकेच व्हॉल्व्हच्या खड्ड्यांकडेही वाकून पाहावे.

जिल्ह्यातील अनेक योजना भीमा आणि उजनी धरणावर चालतात. 1980 साली पूर्ण झालेल्या या धरणात मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांच्यामार्फत पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी येते. मोठ्या साठ्यात ऊन आणि गाळ बसणे यांमुळे जिवाणू घटतात, पण पाणी न शुद्ध करता पिण्याइतके नव्हे.

पंढरपूरच्या यात्रांचा पटकीशी जुना संबंध आहे. 1884 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यातील तळ्याच्या पाण्यात पटकीचा जिवाणू दाखवला. गावोगाव मात्र साथ म्हणजे मरीआईचा कोप होता, आणि वेशीवरची तिची ठाणी आजही त्या काळाची खूण आहेत. आता आषाढीच्या आधी नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी या पालखीमार्गावरच्या विहिरी आणि टँकर तपासून त्यांत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकली जाते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस 10500 : 2012) 100 मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय आढळताच कामा नये. हा जिवाणू विष्ठेचा साक्षीदार असतो; त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी, पण तो सापडला म्हणजे वाट उघडी आहे. नमुन्यासाठी निर्जंतुक बाटली लागते. नळाचे तोंड ज्योतीने तापवून, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू देऊन, बाटलीत थोडी जागा ठेवून भरतात आणि बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत नेतात. गावपातळीवर एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) बाटली वापरतात : खुणेपर्यंत पाणी भरून ठेवायचे, 24 ते 48 तासांत ते काळे पडले तर दूषित. सोलापूरच्या मे महिन्यात उबवणीयंत्राची गरज पडत नाही. मात्र मुळातच गंधकयुक्त असलेल्या खोल बोअरच्या पाण्यात ही बाटली उगाच काळी पडू शकते. शिवाय कोणताही अहवाल एका दिवसाच्या एका बाटलीचा असतो. तो हाती येईपर्यंत ते पाणी गावाने पिऊन झालेले असते. म्हणून शेवटच्या घराच्या नळाला रोज केलेली ओटी (ऑर्थोटोलिडिन द्रावणाची) चाचणी अधिक उपयोगी. थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे, किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर हवा.

ही पावडर ताजी असताना तिच्यात सुमारे 33 टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, दमट किंवा गरम जागी ठेवले की तो उडून जातो आणि उरतो तो नुसता चुना. चांगल्या पावडरीचे 1,000 लिटरला अडीच ते पाच ग्रॅम हे ढोबळ प्रमाण. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते सुमारे 37,700 लिटर भरते, म्हणजे साधारण 95 ते 190 ग्रॅम पावडर लागते. ती थेट विहिरीत उधळायची नसते. बादलीत लगदा करून, पाणी घालून ढवळायचे, चुना तळाशी बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी ओतायची. त्यानंतर किमान अर्धा तास उपसा बंद. हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला धोक्याच्या प्रमाणानुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते.

घरात शेवटचा प्रश्न रांजणाचा. पाण्यात तांब्या बुडवला की तांब्यासोबत बोटेही बुडतात. लांब दांड्याचे ओगराळे असेल तर हात पाण्याबाहेर राहतो. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवल्याने जिवाणू घटतात, हे प्रयोगांत दिसले आहे, पण साथ चालू असताना त्यावर विसंबू नये. तेव्हा पाणी खळखळून उकळावे आणि उकळलेल्या भांड्यातच झाकून ठेवावे.