लूप अँटेना आणि हौशी व्हीएलएफ प्रयोग (सातारा–सांगली परिसर)

व्हीएलएफ म्हणजे 3 ते 30 किलोहर्ट्झचा रेडिओपट्टा. तरंगलांबी 100 ते 10 किलोमीटर. आंतरराष्ट्रीय वाटपात हौशी रेडिओचा सर्वांत खालचा पट्टा 135.7 किलोहर्ट्झला सुरू होतो. त्यामुळे व्हीएलएफवरचे हौशी प्रयोग मुख्यतः ऐकण्याचे आणि नोंदी ठेवण्याचे असतात.

या तरंगलांबीच्या मानाने घरची कुठलीही तार तोकडीच पडते, म्हणून चुंबकीय क्षेत्र पकडणारे लूप वापरतात. बांबूच्या किंवा पीव्हीसी पाइपच्या मीटरभर बाजूच्या चौकटीवर 50 वेढ्यांना 200 मीटर एनॅमल तार लागते. शेतीपंपाच्या मोटारी भरून देणाऱ्या दुकानांत ती वजनावर मिळते. 18 किलोहर्ट्झच्या आसपास ट्यून करायला दहाएक नॅनोफॅरडचा कपॅसिटर पुरतो. पुढे प्रीअँप्लिफायर (क्षीण सिग्नल वाढवणारे सर्किट) आणि लॅपटॉपचे साउंडकार्ड. 48 किलोहर्ट्झ सॅम्पलिंगवर, म्हणजे सेकंदाला 48 हजार नमुने घेतल्यावर, त्याच्या निम्म्या 24 किलोहर्ट्झपर्यंतचे सगळे दिसते.

खरी डोकेदुखी विजेची. 50 हर्ट्झच्या पटीतले स्वर काही किलोहर्ट्झपर्यंत घुमत राहतात, वर एलईडी दिवे आणि चार्जर यांची खरखर. लूपची कड स्टेशनकडे असली की सिग्नल सर्वाधिक, सपाट बाजू तिकडे केली की जवळजवळ शून्य. हे शून्य फार टोकदार असते, म्हणून लूप फिरवून डीपीचा (विजेच्या ट्रान्सफॉर्मरचा) गोंगाट दाबणे हेच इथले मुख्य कसब. जादा वेढ्यांनी गोंगाटही तेवढाच वाढतो. गावातली लाइट गेली, की बॅटरीवरच्या लॅपटॉपवर पट्टा एकदम स्वच्छ होतो. पाटण भागातले सडे (डोंगरमाथ्यावरची खडकाळ पठारे) यासाठी उत्तम, मात्र पवनचक्क्यांच्या लाइनीपासून लांब बसावे.

सरावाला पहिले स्टेशन भारतीय नौदलाचे, तमिळनाडूतील विजयनारायणम येथील 18.2 किलोहर्ट्झचे. साताऱ्याहून ते दक्षिण-आग्नेयेला सुमारे 1,100 किलोमीटरवर आहे. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्थ वेस्ट केपचे 19.8 किलोहर्ट्झचे स्टेशन सहा हजार किलोमीटरवरूनही येते. दोन्ही पाणबुड्यांसाठी आहेत. संदेश उलगडत नाही, मोजायची ती फक्त तीव्रता.

रात्री ट्यूनिंगचा कपॅसिटर काढून हेडफोन लावला, तर दूरच्या विजांचे ‘ट्वीक’ ऐकू येतात: चिमणीच्या चिवचिवाटासारखा, वरून खाली घसरत 1.7 किलोहर्ट्झपाशी तुटणारा स्वर. जमीन आणि आयनावरण (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित कणांचा भाग) यांच्यातल्या पोकळीतून त्याखालची वारंवारता अशी वर-खाली आदळत पुढे सरकू शकत नाही. प्रकाशवेगाला या आकड्याच्या दुपटीने भागले की उत्तर 88 किलोमीटर, म्हणजे रात्रीच्या आयनावरणाच्या तळाची उंची. तारेच्या भेंडोळ्यावर एवढे मोजता येणे ही या छंदातली सर्वांत मोठी मजा. वळवाच्या दिवसांत मात्र जवळच्या विजांच्या कडकडाटात ट्वीक वेगळे काढणे कठीण जाते.

दिवसा सौरज्वाला झाली, की क्ष-किरणांनी आयनावरणाचा ‘डी’ हा सर्वांत खालचा थर दाट होतो. आलेखावर सिग्नल काही मिनिटांत झटकन चढतो किंवा पडतो आणि सावकाश मूळपदावर येतो. यासाठी दोन स्टेशनांच्या नोंदी शेजारी ठेवाव्यात. दोन्हींत एकाच वेळी असा बदल दिसला तर सूर्यावर संशय घ्यावा. एकच रेघ तळाला गेली असेल, तर बहुधा ते स्टेशन बंद झालेले असते.