रात्र चढते तसा फोकस का सुटतो?

संध्याकाळी ताऱ्यावर फोकस अगदी टोकदार लावलेला असतो आणि मध्यरात्रीच्या फोटोंत तेच तारे फुगलेले दिसतात. फोकसरला, म्हणजे कॅमेरा मागेपुढे सरकवून फोकस लावणाऱ्या भागाला, कोणी हात लावलेला नसतो, कॅमेराही जागचा हललेला नसतो. मधल्या काळात हवा गार झाली आणि दुर्बिणीची नळी आखडली, एवढंच.

ही आखडण किती? एक मीटर अ‍ॅल्युमिनियम तापमान 1 अंशाने उतरलं की सुमारे 23 मायक्रॉनने (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) आखडतं. पोलाद त्याच्या निम्मं, साधारण 12. कार्बन फायबरच्या नळीत धाग्यांची दिशा नीट बसवली असेल, तर हा आकडा एक-दोन मायक्रॉनवर येतो.

आता 800 मिमी नाभीय अंतराची एफ/4 न्यूटोनियन दुर्बीण घेऊ, म्हणजे मुख्य आरशापासून 800 मिमीवर प्रतिमा बनवणारी आणि तो प्रकाश छोट्या तिरक्या आरशाने बाजूला वळवणारी. एफ/4 म्हणजे नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या चौपट. मुख्य आरशापासून तिरक्या आरशापर्यंतचं अंतर 600 मिमी धरलं, तर 10 अंशांच्या उतारात अ‍ॅल्युमिनियमची नळी 138 मायक्रॉन आखडेल, पोलादाची 72 आणि कार्बनची जेमतेम 6 ते 12. एफ/4 ला हिरव्या प्रकाशात फोकस मागेपुढे होण्याची एकूण मुभा, दोन्ही बाजूंची मिळून, असते फक्त 35 मायक्रॉन. ही मुभा एफ-क्रमांकाच्या वर्गाने वाढते, म्हणून एफ/8 वाल्यांना ती चौपट मिळते आणि ते निवांत झोपू शकतात.

मग कार्बनची नळी घेतली की प्रश्न मिटला? इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. थंडी आरशालाही वाजते. बोरोसिलिकेट काचेचा (तापमानाने कमी आखडणाऱ्या काचेचा) आरसा आखडला की त्याचं नाभीय अंतरही कमी होतं. आपल्या उदाहरणात ते 26 मायक्रॉनने घटेल. नळी जवळपास जागच्या जागी राहिली, तर फोकस सुमारे 20 मायक्रॉनने सुटतो, फक्त अ‍ॅल्युमिनियमच्या उलट दिशेने. नळी आणि आरसा एकाच पदार्थाचे असतील, तर मात्र सगळं एकाच प्रमाणात आखडतं आणि फोकस आपोआप जागेवर पडतो. 2003 मध्ये अवकाशात गेलेल्या स्पिट्झर दुर्बिणीचे आरसे आणि त्यांना धरणारा सांगाडा दोन्ही बेरिलियम धातूचे होते. खोलीच्या तापमानात बनलेली दुर्बीण निरपेक्ष शून्याच्या जवळ नेऊन वापरायची, तर हा मार्ग सोयीचा होता.

भिंगांच्या दुर्बिणीत गंमत आणखी वाढते. चांगल्या भिंगांसाठी वापरली जाणारी ईडी काच किंवा फ्लोराइट स्फटिक थंड झाला की आखडतो, आणि त्याचा अपवर्तनांकही, म्हणजे प्रकाश वाकवण्याची ताकदही, वाढतो. दोन्हींमुळे नाभीय अंतर कमी होतं. अ‍ॅल्युमिनियमची नळी तेव्हाच आखडत असते, म्हणजे यातला बराच भाग ती भरून काढते. अशा दुर्बिणीला न आखडणारी कार्बनची नळी जोडली, तर फोकस जास्तच सरकू शकतो. वजन कमी होतं हे खरं, पण फोकससाठी म्हणून जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

श्मिट-कॅसेग्रेनमध्ये, म्हणजे दोन आरशांनी प्रकाश मागेपुढे परतवणाऱ्या आखूड दुर्बिणीत, मात्र कार्बनचं मोल कळतं. तिचा मुख्य आरसा एफ/2 चा आणि दुय्यम आरसा प्रतिमा पाचपट वाढवणारा. दोन आरशांमधलं अंतर थोडं बदललं की फोकसची जागा त्याच्या 26 पट सरकते. त्यामुळे 300 मिमी अ‍ॅल्युमिनियमचं 10 अंशांतलं 69 मायक्रॉनचं आखडणं मागच्या बाजूला, आरशाची थोडी भरपाई वजा करूनही, मिलिमीटरच्या पुढे जातं. एफ/10 ची मुभा आहे 0.22 मिमी.

कार्बनचे स्वतःचेही नखरे आहेत. त्यातले धागे जोडून धरणारं इपॉक्सी (एक प्रकारची राळ) ओलावा शोषतं आणि सोडतं. हबल दुर्बिणीच्या आरशांमधला सांगाडा ग्रॅफाइट-इपॉक्सीचा, म्हणजे अशाच कार्बन धाग्यांचा आहे. अवकाशात त्यातला ओलावा निघून जाऊ लागला, तसा तो अनेक वर्षं हळूहळू आखडत राहिला आणि दुय्यम आरसा अधूनमधून सरकवून फोकस सुधारावा लागला. शिवाय सँडविच बांधणीची (दोन पातळ थरांमध्ये हलका गाभा असलेली) कार्बन नळी उष्णता धरून ठेवते. आरसा निवायला वेळ लागतो, तोवर आतली गरम हवा तारे थरथरवत राहते. मागे पंखा नसेल तर अशी नळी घेऊच नये.

माझं मत विचाराल, तर नळी बदलण्याआधी मोटरचा फोकसर घ्यावा आणि तापमान दर एक-दोन अंश उतरलं की संगणकाकडून फोकस पुन्हा लावून घ्यावा. तापमानाचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका, नळीला चिकटवा. उघड्या आकाशाखाली धातूची नळी उष्णता बाहेर टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते.