‘वय गेलं, लग्न झालं, आता कसली आयटीआय?’

कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागांत, म्हणजे उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात, हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: आयटीआय म्हणजे दहावीत कमी पडलेल्या पोरांसाठी, बायकांना तिथं प्रवेश नाही. हे चूक आहे, आणि त्यानं किती जणींची वाट अडली असेल याचं मला फार वाईट वाटतं.

नियम असा: वय किमान १४ पूर्ण हवं, कमाल मर्यादाच नाही. लग्न झालंय, मध्ये दहा वर्षं शिक्षण सुटलंय, यानं अपात्र ठरत नाही. उलट ३० टक्के जागा महिलांसाठी राखीव असतात, त्याही फक्त शिवणकामाला नव्हेत. फिटर, टर्नर, मशिनिस्टलासुद्धा. फिटरला दहावी पास लागते, दोन वर्षं लागतात. वेल्डर एका वर्षात होतो. गुणवत्ता यादी मात्र लागते, हे खरं.

खरी अडचण वेगळीच. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. म्हणून लग्नाच्या नोंदणीचा दाखला फॉर्म भरायच्या आधीच काढून ठेवा. आणि पोर सांभाळायला कोण, हे घरात आजच बोला. चौकशीला कळंबा रोडच्या शासकीय आयटीआयत स्वतः जा. शेजाऱ्याला विचारू नका.