नागिणीचा विळखा पूर्ण झाला तर?

‘नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो.’ पुरळ पट्ट्यासारखं पसरताना पाहिलं की ही भीती वाटणं साहजिकच आहे.

पण नागीण हा त्वचेचा आजार होतो तो कांजिण्यांच्याच विषाणूमुळे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी हा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षं निपचित राहतो आणि प्रतिकारशक्ती घटली की एखाद्या तंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. हे तंतू डावे-उजवे वेगळे असतात. म्हणून पुरळ बहुधा शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतं. आरशात स्वतःच पाहा. क्वचित दोन्हीकडे आलं, तरी ‘विळख्या’मुळे जीव जात नाही; मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा.

खरी घाई औषधाची. असायक्लोव्हिरसारख्या विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर उत्तम. घरी गार ओल्या कापडाची पट्टी, सैल कपडे. फोड फोडू नका, लेप नको. डोळ्याजवळ पुरळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.